सगळी घड्याळं एकसारखी

धाकट्या दिरामुळे सगळा दवाखानाच तिला वहिनी म्हणायचा. तो तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा, ती रक्त तपासायची. आज दुपारी तिच्या नोकरीचा निकाल लागणार होता. एका आजोबांच्या रक्ताची नळी तिने तशीच ठेवून दिली, म्हणून अहवाल चुकला, असा तिच्यावर आळ होता. पुरावा कॉम्प्युटरचा. खालच्या खोलीत रक्त काढल्याची वेळ आणि तिने ते हातात घेतल्याची तिच्या कॉम्प्युटरवरची वेळ, यांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर.

"माझं जेवण थांबेल रे, नळी थांबायची नाही," ती सकाळी दिराला म्हणाली.

"मग घड्याळच खोटं बोलतंय. सरक, बघू दे."

ती लग्न होऊन आली तेव्हा ताप आला की आईला सोडून हिच्या कुशीत शिरणारं पोर ते. आता तो तिच्या खुर्चीत बसून बोटं नाचवत होता. एकदम हसला.

"वहिनी, तू तर आम्हा सगळ्यांच्या पुढे पळतेयस! अर्धा तास!"

कारणही सापडलं. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर एका मुख्य कॉम्प्युटरला वेळ विचारून आपलं घड्याळ जुळवून घ्यायचे. गेल्या वर्षी मुख्य कॉम्प्युटर नवा आला. दिराने सगळ्यांना नव्याकडे वळवलं, तिचा तेवढा राहून गेला. तो अजून अडगळीच्या खोलीत चालूच राहिलेल्या जुन्याला वेळ विचारत होता, आणि जुन्याचं घड्याळ बेलगाम सुटलं होतं.

"म्हणजे मी वेळेतच..."

"अगदी वेळेत."

तिने डोळे मिटून हात जोडले. देवाने लाज राखली. "चल, डॉक्टरांना आत्ताच सांगू."

"दुपारी मीच सांगतो ना. तू आधी पोटभर जेव." मग जरा थांबून म्हणाला, "हे कुणाकडून राहिलं, असं विचारतील नाही?"

"विचारू देत की. चुकतो तो माणूसच."

तो खुर्ची सरकवून उठला. तिने ते मनावर घेतलं नाही. कित्येक दिवसांनी तिला घास गोड लागला.

दुपारी मोठे डॉक्टर तिच्या खोलीत आले. दिराने तिच्या कॉम्प्युटरचा पडदा दाखवला, खालच्या खोलीतली वेळ शेजारी उघडली. डॉक्टरांनी आपला फोन काढून ताडून पाहिला. तिन्हीकडे एकच वेळ. ती वाट पाहत होती, की आता हा सांगेल, सकाळी मी दुरुस्त केलं म्हणून.

"सगळी घड्याळं एकसारखी आहेत, सर."

"आणि त्या दिवशी?"

"वेगळी असायचं काही कारण दिसत नाही."

"अरे, सकाळी तूच म्हणालास ना?"

"बघतो म्हणालो होतो, वहिनी. बघितलं."

ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, अडगळीच्या खोलीत चला. जुना मुख्य कॉम्प्युटर अजून चालू आहे."

गेले सगळे. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात गप्प पडला होता. वायरी काढून नीट गुंडाळी करून वर ठेवलेल्या. ती पोटभर जेवत होती तेव्हा हा इथे होता.

"वहिनी, माणसाने चूक कबूल करावी," डॉक्टर हळूच म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

जिन्यात दिराने तिला गाठलं. "माझी नोकरी गेली तर ठरलेलं लग्न मोडेल गं. तुझ्या हाताला यश आहे, तुला कुठेही काम मिळेल. दादाला तेवढं सांगू नकोस."

लग्न तिनेच जुळवलं होतं.

"मी नाही सांगणार, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. आज, जेवायच्या आधी."

संध्याकाळी नवरा दोनदा दाराशी जाऊन आला. "हा कुठे राहिला?" सासूबाई म्हणाल्या, "काम असेल. त्याचं ताट झाकून ठेव गं."

तिने ताट वाढलं, वर झाकण ठेवलं. दाराकडे एकदा पाहिलं. मग झाकण काढून भात परत पातेल्यात घातला, आणि सगळ्यांना जेवायला हाक मारली.