नानांनी हात केला होता

घुम्याला हे नाव पडलं ते त्याच्या न बोलण्यामुळे. दुधाचा टेम्पो चालवायचा, चौदा गोठ्यांवरून भरलेले कॅन उचलायचे आणि दहाच्या आत डेअरीत पोचवायचे, एवढ्यात बोलण्यासारखं असतं तरी काय? लोकांशी त्याचं जे काही बोलणं होई, ते उजव्या हाताच्या एका बोटानं.

तो रस्ताच तसा होता. रुंदी दीड गाडीची, सरळ पट्ट्यात तेवढी जेमतेम दोन गाड्यांची, दोन्ही अंगांना शेतांची कुंपणं. वळणावर समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागं सरकावंच लागे. कुणी सरकायचं ते कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना तोंडपाठ होतं. चढावर भरलेल्या गाडीला वाट द्यायची. ट्रॉलीवाल्याला कधी मागं घ्यायला लावायचं नाही. वाट मिळाली की स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचं, झालं. आणि आपल्या मागं कुणी अडकलं असेल, तर पुढचा रस्ता मोकळा बघून खिडकीतून हात काढायचा आणि ये म्हणायचं. मागच्यानं त्या हातावर भरवसा ठेवून निघायचं. मोठ्या गाडीमागून पुढचं दिसतंय कुणाला? बारा वर्षं घुम्या असाच दुसऱ्यांच्या हातावर विसंबून गाडी पुढं काढत आला होता.

त्या रस्त्यावर सगळ्यात जुना हात बसवाल्या नानांचा. नानांनी हात केला म्हणजे रस्ता मोकळा, यात कुणाला शंका नसे. त्या दिवशी सकाळी नानांची रिकामी बस पुढं, तिच्यामागं दवाखान्यातल्या नर्सबाईंची छोटी गाडी आणि त्यांच्यामागं घुम्या. पूल ओलांडल्यावर नानांनी खिडकीतून हात काढला आणि दोनदा हलवला. नर्सबाईंनी गाडी बाहेर काढली. तेवढ्यात पुढच्या वळणावरून पेंडीची पोती भरलेली एक गाडी सुसाट आली. नानांनी बस जमेल तेवढी कुंपणात घातली, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

नर्सबाई वाचल्या. माकडहाड आणि मांडी, दोन्ही मोडलं. पुन्हा धड चालता येईल का, ते डॉक्टरही सांगेनात. पेंडीवाल्याचं खरचटण्यावर भागलं.

चौकशी लागली. नर्सबाई म्हणाल्या, बसवाल्यांनी हात केला म्हणून मी गेले. नाना म्हणाले, मला आठवत नाही. बस कंपनीचा नियम असा की ड्रायव्हरनं मागच्या गाडीला खुणा करायच्या नाहीत. केल्या आणि अपघात झाला तर गाडी हातातून गेली. नानांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आता पाहणारा राहिला एकटा घुम्या.

जबानीच्या आदल्या दिवशी पेट्रोलपंपावर चारपाच जण त्याच्याभोवती जमले. ट्रॅक्टरवाला सगळ्यांच्या वतीनं बोलला. बाईंचं वाईट झालं, पण त्यांचा जीव वाचलाय. नानांचं मात्र आता या वयात काय करायचं? तुझं लक्ष मागच्या कॅनकडं होतं, तुला काही दिसलं नाही, एवढंच सांगायचं. घुम्या "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच "हं" म्हणत असे. त्यांनी तो होकार धरला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबानं कागद पुढं ओढून विचारलं, "बसच्या ड्रायव्हरनं हात केला होता?"

नर्सबाई गाडी बाहेर काढताना घुम्यानं त्यांचं डोकं मागून पाहिलं होतं, केसांना लावलेल्या पिवळ्या चापासकट. तोच चाप डोळ्यांपुढं आला.

"केला होता," तो म्हणाला. "दोनदा."

नानांची बस गेली. त्यांना डेपोत पार्सलच्या खिडकीवर बसवलं.

रस्त्यावर कुणी घुम्याला एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त समोरून येणारी बोटं उठेनाशी झाली. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, उन्हामुळे काचेतून दिसलं नसेल. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आधी बोट उचलून पाहिलं. आठवड्याभरात त्याच्या ध्यानात आलं की मागून येणाऱ्या त्याच्या टेम्पोलाही कुणी हात करत नाही. गवताची ट्रॉली पुढं लागली की तो सहा-सहा किलोमीटर रांगत जाई. कुणी मुद्दाम अडवत नसे. रस्ता मोकळा आहे एवढं सांगत नसे. उन्हाळ्याचे दिवस. दूध उशिरा पोचू लागलं, एकदा दोन कॅन नासले, मॅनेजरनं त्याला आत बोलावलं. घुम्या खाली मान घालून उभा राहिला. मला कुणी हात करत नाही, हे मॅनेजरला सांगायचं कोणत्या तोंडानं?

बायको म्हणाली, "एका बोटासाठी जीव काय जाळायचा?" मग एका सकाळी ती डबा पिशवीत घालून मुकाट टेम्पोत येऊन बसली. पहिल्या चार गाड्या गेल्या तेव्हा तिचं लक्ष बाहेर होतं. पाचवीपासून तिनं स्वतःच हात वर करायला सुरुवात केली. समोरून दिसली गाडी की हिचा हात वर, चेहऱ्यावर लग्नघरच्या पाहुणीसारखं हसू. डेअरी येईपर्यंत तिनं एकवीस गाड्यांना हात केला. उत्तर एकाचं आलं, तोही वाट चुकलेला कुणी परका होता, त्यानं थांबून पत्ता विचारला. परतताना तिनं हात मांडीवर ठेवले. बोटाचा विषय तिनं पुन्हा घरात काढला नाही.

शेवटी घुम्या नानांकडं गेला. पार्सलच्या खिडकीत नाना खोक्यांवर नंबर चिकटवत होते. त्यांनी आतून स्टूल दिलं, पाणी दिलं. घुम्याला माफी मागायची होती, पण कशाची ते कळेना.

"मला खरंच आठवत नव्हतं रे," नानाच म्हणाले. "दिवसातून पन्नासदा हात करायचो. त्यातला तो एक कसा आठवावा? तू सांगितलंस तेव्हा पटलं, की केला असणार."

"नाना, मग त्यांना तेवढं सांगा. राग सोडा म्हणावं."

"सांगितलं की. प्रत्येकाला सांगितलं. त्यांना राग नाही आलेला तुझा. ते घाबरलेत. उद्या त्यांनी तुला हात केला आणि काही बरंवाईट झालं, तर तू सांगशील. सांगशील ना?"

घुम्यानं बराच विचार केला. "सांगीन," तो म्हणाला.

"मग झालं तर." नानांनी पुढचं खोकं ओढलं. "त्याला मी काय करू आणि तू तरी काय करणार?"

त्यानंतर दोनच दिवसांनी, टेम्पो भरलेला असताना, मागं एक छोटी गाडी लागली. चालवणारी घाईत असावी. हॉर्न वाजवत नव्हती, पण पुन्हा पुन्हा बाजूला डोकावत होती. पुढचा रस्ता सरळसोट, दूरपर्यंत मोकळा. घुम्यानं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. हात खिडकीपर्यंत गेला आणि तिथंच अडकला. बाहेर काढवेना. आणखी एक किलोमीटर तसाच गेला. मग तिला वाट तरी द्यावी म्हणून त्यानं टेम्पो रस्त्याखाली उतरवला. पाटाचं पाणी मुरलेली जमीन होती ती, मागची दोन्ही चाकं बुडाली. गाडीवाली निघून गेली. तिनं जाताना बोट उचललं की नाही, हेसुद्धा त्या गडबडीत त्याला दिसलं नाही.

अर्धा तास तो चाकांखाली दगड घालत होता. मग ट्रॅक्टर आला, तोच पेट्रोलपंपावरचा. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, साखळी लावली, टेम्पो ओढून वर काढला. चाकं नीट आहेत का ते वाकून पाहिलंसुद्धा.

"उपकार झाले," घुम्या म्हणाला.

"चिखलातून कुणालाही काढतात," ट्रॅक्टरवाला साखळी गुंडाळत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "दूध तापतंय, नीघ."

तो पुढं निघाला आणि घुम्या त्याच्यामागं. वळणं संपली, सरळ रस्ता लागला. ट्रॅक्टरवाला उंचावर बसलेला, त्याला पुढचं सगळं स्वच्छ दिसत असणार. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. घुम्यानं गिअर उतरवला आणि त्याच्या मागून जात राहिला.

त्या दिवशी डेअरीनं पाच कॅन परत केले. घुम्यानं मॅनेजरकडं दुसरा रस्ता मागितला, दुसरीकडची गावं चालतील, लांबची असली तरी चालतील. मॅनेजरनं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. जागा नव्हती. उद्यापासून तासभर लवकर निघत जा, असं त्यानं सुचवलं आणि घुम्या "हं" म्हणाला.