दाबलेलं बटण

पिकअपच्या केबिनमध्ये ती आडवी पडली होती. डोकं क्लचच्या पेडलपाशी, पाय दाराबाहेर आणि उजवा हात मनगटापर्यंत डॅशबोर्डच्या पोटात. तो हात आत गेला होता, आता बाहेर येत नव्हता.

घरात ती सगळ्यांची धाकटी, म्हणून दुकानातही धाकटीच. गाडीत दिवे, भोंगे, जादा बटणं, वायरलेसचे सेट बसवायचं हे वडिलांचं दुकान. वडील गेले, दादा मालक झाला, आणि धाकटी झाली दुकानाचा उजवा हात. उजवा हात ही काही बोलायची रीत नव्हे. तिचा पंजा अरुंद, बोटं निमुळती. डॅशबोर्डमागे, जिथे उंदीरसुद्धा विचार करून शिरेल, तिथे तिचा हात सहज शिरायचा. "बाईचा हात नाही, सुई आहे सुई," असं गिऱ्हाइकं म्हणायची. सुई दोऱ्याला बांधलेली असते, हे मात्र कुणी म्हणायचं नाही.

वडील काम करताना गुणगुणायचे. त्यांची गाणी त्यांनीच रचलेली, दोन-दोन ओळींची.

आधी सोडावी तार, मग करावा कारभार
नट धरावा मुठीत, जीव ठेवावा बोटांत

तार म्हणजे बॅटरीची. ती सोडल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, हा घरचा पहिला नियम. दुसरा नियम, आधी बटणं, मग वायरलेस. वायरलेसचा सेट धरणारी लोखंडी पट्टी एकदा लागली की मागची वाट अरुंद होते. आज दोन्ही नियम मोडले होते, आणि मोडायला सांगितलं होतं दादानंच.

"आधी सेट लाव," तो सकाळी म्हणाला होता. "मी हँडसेट घेऊन जेवायला घरी जातो. किती लांबवर ऐकू येतं ते वाटेत बघतो. तोवर तू बटणं कर."

"आणि बॅटरी?"

"चालू ठेव. सेट बंद पडला तर मी काय भिंतीशी बोलू?"

एरवी ती भांडली असती. आज भांडण नको होतं. ही गाडी टेकड्यांवरच्या वणवा-चौकीची होती. दोन वाजता चौकीचे मिशीवाले काका ती न्यायला येणार होते, आणि गाडीबरोबर धाकटीही जाणार होती. चौकीच्या चौदा गाड्यांना वायरलेस बसवायचे, वर्षभराचं काम, राहायला खोली. बाकाखाली तीन दिवसांपासून भरलेली पिशवी होती. काकांनी काम विचारलेलं दादाला माहीत होतं, आपण हो म्हटलंय हे मात्र ती ऐन वेळी सांगणार होती. आधी सांगितलं तर जाणंच व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

सहा बटणं समोरून झकास बसली. छपरावरचा दिवा, मागचा दिवा, पंप, भोंगा, चमकता दिवा आणि सहावं मोकळं. राहिला होता एक नट. मुख्य वायर जोडायच्या पितळी खुंटीवर तो मागून फिरवायचा. ग्रीस लावून नट बोटाच्या टोकाला चिकटवला, अंगठा तळव्याखाली दुमडला आणि हात आत सरकवला. खुंटी बोटाला लागते न लागते तोच ग्रीस सुटलं. नट घसरला. तिनं दुमडलेला अंगठा उघडून तो बोटाशी वरच्यावर झेलला.

झेलला आणि अडकली. अंगठा उघडा असताना हात मागे येईना, वायरलेसच्या पट्टीची कड सांध्याखाली रुतत होती. अंगठा मिटायचा तर नट सोडायचा. आणि सोडला तर तो बरोब्बर उघड्या खुंटीवर आणि शेजारच्या पत्र्यावर पडणार. बॅटरी चालू. एक ठिणगी, की नव्या वायरी जळणार, सेट जाणार, हातावर काय बेतेल ते वेगळंच.

शटर बाहेरून बंद होतं. जेवायला जाताना दादा कुलूप लावूनच जायचा. "तू आत डोकं घालून बसतेस, कुणीही शिरेल," असं म्हणायचा. तिलाही ते कधी खटकलं नव्हतं. आज त्या कुलपाचं वजन तिला छातीवर जाणवलं.

तोंड तेवढं मोकळं होतं, आणि डावा हात. गिअरपाशी आकड्याला वायरलेसचा माइक लटकत होता. वाटेत दादा दोनदा बोललाही होता, "पाण्याच्या टाकीपाशी आहे, ऐकू येतंय?" म्हणून. तिनं डाव्या हातानं माइक ओढला, बटण दाबलं. आवाज जाईना. सेटवरचा तांबडा ठिपका पेटलेला होता. पलीकडे कुणीतरी बटण दाबून ठेवलं होतं, आणि एकानं दाबलेलं असलं की दुसऱ्याला फक्त ऐकता येतं.

आधी खुर्ची करकरली. मग भांड्यावर झाकण वाजलं. मग वहिनीचा आवाज आला, जवळून, जणू सीटवर बसून बोलतेय.

"तिचं ताट झाकून ठेवू, की डब्यात देऊ?"

"डब्यात दे. तिला सवड कुठंय?"

"सवड तुम्ही देत नाही असं म्हणा की."

दादाच्या कमरेला लावलेल्या हँडसेटचं बटण खुर्चीच्या हात्यानं दाबलं गेलं होतं, हे धाकटीच्या ध्यानात आलं. तिनं हाक मारली. हाक केबिनच्या काचांना लागून परत आली.

"मिशीवाल्यांना काल फोन केला," दादा म्हणाला. "म्हटलं, ती येत नाही. विचार बदललाय तिचा."

वहिनीची पळी भांड्यावर आपटली. मग म्हणाली, "तिला विचारलंत?"

"विचारलं असतं तर गेली असती."

"अहो!"

"अहो काय? हा हात बघ माझा."

पेल्यावर दात वाजावेत तसं काहीतरी वाजलं. पाणी सांडल्याचा आवाज आला.

"बघितलास? ओठापर्यंत जाईस्तोवर अर्धा पेला रिकामा. याच हातानं वायरी जोडू? गिऱ्हाइकाला अजून कळलेलं नाही. बारीक काम सगळं तीच करते. ती गेली की दुकानाला कुलूप."

"कुलूप आत्ताही आहेच," वहिनी म्हणाली. "ती आत आहे, एवढाच काय तो फरक."

धाकटीच्या अंगठ्याला कळ लागली होती. नट गरम झाला होता, तिच्याच अंगच्या उबेनं. तिला वाटलं, सोडावा. जळू दे सगळं. जळलेली गाडी दादाच्या गळ्यात पडू दे. मग वाटलं, जळाली तर दुरुस्त करायला हाच हात लागेल, आणि मग आणखी एक महिना, आणि त्यानंतर आणखी एक. तिनं अंगठा घट्ट केला. दादाच्या हाताला कंप आहे, हे तिनं पाहिलंच नव्हतं. पाना तो मुद्दाम तिच्या पुढ्यात ठेवतो, "तू कर, तुझा हात गोड," असं म्हणतो. त्या गोडव्याखाली हे होतं तर. राग आणि कणव एकाच फटीत अडकली, मागे येईनात, पुढे जाईनात.

खुर्ची पुन्हा करकरली. ठिपका विझला. सेटमधून नुसती खरखर आली.

तिनं माइक ओठांशी धरला.

"दादा, बटण दाबलेलं होतं."

खरखर. मग अगदी बारीक आवाजात, "कधीपासून?"

"ताट वाढल्यापासून."

तिनं बटण सोडलं नाही.

"आणि माझा हात अडकलाय. बोटांत नट आहे. बॅटरी चालू आहे."

तिनं बटण सोडलं. ठिपका पेटला. पलीकडे खुर्ची उलटल्याचा आवाज तेवढा आला.

दहा मिनिटांची वाट त्यानं किती वेळात कापली, कोण जाणे. कुलपात किल्ली जाईना, खडखडत राहिली. तिनं ती खडखड मोजली नाही, पण प्रत्येक वेळी तिचाच जीव खालीवर झाला. शटर वर गेलं. उजेड आत आला. दादानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकावर पाना टकटक, टकटक वाजत राहिला.

"बसत नाहीये," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला.

"डाव्या हातानं उजव्याचं मनगट धर."

टकटक थांबली. पाना बसला. तार सुटली, सेटवरचा उजेड मावळला.

"सोड," दादा म्हणाला.

तिनं अंगठा मिटला. नट कुठंतरी खोल टिणकन पडला. हात बाहेर आला, अंगठ्याच्या बुडाशी पट्टीचा लालभडक वळ घेऊन. दादा त्या वळाकडे बघत उभा राहिला. कपाळावरचा घाम पुसायलाही त्यानं हात वर केला नाही.

बाहेरून खाकरणं ऐकू आलं. मिशीवाले काका.

"काय, झाली का गाडी? की अजून पोट फाडलेलंच आहे?"

"वीस मिनिटं," धाकटी म्हणाली.

"घे घे. तू येत नाहीस असं कळलं काल. वाईट वाटलं बघ. तुझ्या जागी दुसरा कोण सापडायचा मला?"

दादा जमिनीकडे बघत होता. ती वाट बघत राहिली. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

"येतेय," ती म्हणाली. "चुकीचा निरोप गेला होता तुम्हाला."

मग तिनं वडिलांच्या रीतीनं सगळं पुन्हा केलं. पट्टी काढली, चुंबकानं नट वर ओढला, हात मोकळ्या वाटेनं आत घातला, नट फिरवला, पट्टी लावली, आणि सगळ्यांत शेवटी बॅटरीची तार. सहा बटणं एकेक करून दाबली. पाच बोलली. सहावं मोकळंच होतं.

ती उठली तेव्हा दादाच्या हातात तिची पिशवी होती. बाकाखालून ती त्यानं न शोधता काढली होती.

"तुला माहीत होती?"

"परवा झाडताना दिसली. तसंच भोवतीनं झाडून घेतलं."

वहिनीनं मागाहून पाठवलेल्या डब्यासकट पिशवी सीटवर ठेवून तो काकांना म्हणाला, "हँडसेट एक राहू दे माझ्याकडे. रेंज बघायची राहिलीय."

"राहू दे की. सोमवारी घेऊन जाईन."

गाडी निघाली. पाण्याची टाकी गेली, शेवटचं घर गेलं. सेटवर तांबडा ठिपका पेटला. शब्द आला नाही. शटर वाऱ्यानं हलत होतं ते ऐकू आलं, आणि दादाचा श्वास. तिनं माइक उचलला, पण तिकडचं बटण सुटल्याशिवाय इकडून बोलता येणार नव्हतं. माइक ओठांशी धरून ती तशीच बसून राहिली.

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

"दादा."

"काय म्हणतोय?"

"काही नाही. बटण दाबून धरलंय."

पहिल्या टेकडीच्या वळणावर शटरचा आवाज बारीक झाला, श्वास तुटक झाला. वळण संपलं तसा ठिपका विझला.