जाळीखालचा तुकडा

"चिकटवायचं नाही. वाटीत बारीक दगड, त्यावर तुकडा, वर जाळीचं कापड, कापडाला रबर. आणि मग हात काढून घ्यायचा, वहिनी. तेच सगळ्यांत अवघड."

वन्संचा हा आवाज अजून कानात आहे. लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी आयुष्यभर नर्सचं काम केलं. आजारी पडल्या तेव्हा त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या बाहेरच्या खोलीत आली. तिच्यात ताटलीएवढं एक मऊ प्रवाळ, छत्रीसारखं, अंगभर बारीक तंतू फुललेलं. जाण्याआधी वन्संनी माझ्याकडून एकच शब्द घेतला. याचा एक तुकडा, नीट रुजलेला, वॉर्डातल्या छोट्या टाकीत पोचवायचा. "सुई टोचताना पोरं तिकडे बघतील," म्हणाल्या.

सकाळी अंघोळीपासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. आल्यागेल्याला आमचे हे स्वतःच कौतुकाने सांगतात, "बारापर्यंत आमच्याकडे शांतता."

मी कात्रीने छत्रीच्या कडेचे सहा तुकडे कापले. कापलं की ते बुळबुळीत चिकटा सोडतं, म्हणून त्याला गोंद धरत नाही. पाच तुकडे एका मोठ्या वाटीत बसले, सहाव्याला जागा उरली नाही. तो वेगळ्या वाटीत घालून मागच्या दगडाआड ठेवला. पुढे दोनच दिवसांत मोठं प्रवाळ मिटलं. तंतू आत, वर मेणासारखा मळकट पापुद्रा. मी घाबरले नाही, कारण वन्संनी तेही सांगून ठेवलं होतं. ते कात टाकतं. आठवडाभर मेल्यासारखं दिसतं.

शनिवारी सकाळी भावजी आले. घरात पंखा नुसता कुरकुरला तरी आमच्या या धाकट्या दिरांच्या खिशातून पक्कड निघते.

"दादा, हे मेलंय," टाकीत डोकावून ते म्हणाले. "सगळं पाणी सडवेल."

मी मान हलवली. दोन्ही हात हलवले.

"वहिनींचा आवाज बंद आहे, चित्र तेवढं चालू आहे," भावजी म्हणाले आणि दोघंही खो खो हसले.

मी पेन्सिल शोधायला आत गेले. मेली वेळेवर सापडेल तर ना! परत येते तो भावजींनी वाटीवरची जाळी काढून पाचही तुकडे एका फरशीच्या तुकड्यावर गोंदाने चिकटवून टाकलेले. "दोन-तीन आठवडे कशाला थांबायचं? दोन मिनिटांचं काम!" आणि यांनी बाह्या सरसावून मोठं प्रवाळ दगडासकट कोरड्या बादलीत काढलेलं.

मी कागद पुढे धरला. 'ते मेलेलं नाही.'

यांनी वाचला. "हो गं, आम्हालाही वाईट वाटतंच," म्हणाले आणि घडी घालून खिशात टाकला. खिशात! वर भावजींना म्हणतात, "खरंच हरकत असती तर बोलली असती की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं ज्या माणसाने माझं मौन दारोदार मिरवलं, त्याला आज ते सोयीचं झालं. घड्याळात पावणेअकरा. बादली जिन्याच्या दिशेने निघाली होती.

"खाली ठेवा."

माझाच आवाज मला ओळखू येईना.

"वहिनी! तुमचं मौन मोडलं!" भावजींनी जीभ चावली. दोघं घड्याळाकडे बघत राहिले. बादलीत तो जीव सुकत होता, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नाही.

"मौनाचं माझं मी बघीन. आधी ते पाण्यात सोडा. कागदावरचं खिशात घालता येतं, हे येतं का बघा!"

यांनी मुकाट्याने प्रवाळ पाण्यात उतरवलं.

संध्याकाळपर्यंत गोंदावरचे पाचही तुकडे निसटले. तीन तुकड्यांचा पंपाच्या तोंडात चुरा झाला, दोन सापडलेच नाहीत. "गोंद जुना असेल," भावजी म्हणाले.

"नवा होता, भावजी. मी पाकीट बघितलं."

दुसऱ्या दिवसापासून मौन पुन्हा धरलं, तो नव्याने पहिला दिवस मोजून. सहाव्या सकाळी यांची हाक आली, "अगं, उघडलं, उघडलं!" जसं काही यांनीच उघडलं. पापुद्रा सालीसारखा सुटून तरंगत होता आणि खाली तंतू डोलत होते. मी बघितलं आणि कामाला लागले.

"हे मौन आहे की राग?" यांनी हळूच विचारलं.

मी कागदावर लिहिलं, 'दोन्ही.'

दगडाआडची वाटी भावजींच्या नजरेतून सुटली होती. तिची जाळी मी तीन आठवडे उघडली नाही. आज उघडली. तुकड्याला बोटाने हलकेच ढकललं, तर खालचा दगडही सोबत हलला. धरलं होतं त्याने.

टाकीतलंच पाणी बरणीत भरलं, तुकडा दगडासकट आत सोडला, बरणी टॉवेलात गुंडाळली. वॉर्डातल्या नर्ससाठी चिठ्ठी लिहिली. 'वन्संनी कबूल केलेला तुकडा. चिकटवू नका. मधूनच आठवडाभर मिटेल, मेला म्हणून फेकू नका.'

हे दारात उभे होते. "मी येऊ? तिथे कुणाशी तरी बोलावं लागेल."

मी चिठ्ठी दाखवली. यांनी ती शेवटपर्यंत वाचली, आणि परत माझ्या हातात दिली.

साडेनऊ झाले होते. चपला घातल्या, बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पाणी हिंदकळू न देता एकेक पायरी उतरू लागले.