जाळ्याखालची खरखर

सकाळी दहा वाजता मी बंद पडलो.

मित्रांनो, मी येलदरी धरणाजवळच्या मासळीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला एक जुना इन्व्हर्टर आहे. छपरावरच्या सोलर प्लेटांची वीज माझ्यातून जाते आणि डीप फ्रीजर चालतो. कारखान्यात मला एक कान दिला आहे. तारेचा जोड सैल झाला की वीज फटीतून उडी मारते आणि ठिणगी पेटती राहते. तिची खरखर ऐकू आली की मी लाल दिवा लावून थांबतो. मला बसवलं, त्या दिवशी मासळी विकणाऱ्या बचत गटाच्या कुसुमबाईंनी हळदीकुंकू वाहिलं होतं. पुढे माझ्यावरून कुणी कोरडं फडकंही फिरवलं नाही.

आज लाइनही गेली होती. फ्रीजरमध्ये कुसुमबाईंच्या गटाची कालची सगळी मासळी. त्यांनी मला पुन्हा पुन्हा चालू केलं, मी पुन्हा पुन्हा थांबलो. शेवटी जिंतूरहून धम्मानंद मेकॅनिक आला.

"ह्याचा लाल दिवाच बंद करता येत न्हाई का रे?" कुसुमबाईंनी विचारलं.

"येतो की मावशी. मग छप्पर पेटलं तरी ह्यो गपच बसंल."

त्याने आधी मेन स्विच पाडला, मग प्लेटांच्या दोन ओळी वेगळ्या केल्या. पहिल्या ओळीवर मी नीट चाललो, पण एकट्या ओळीची वीज फ्रीजरला पुरत नाही. दुसरी जोडताच खरखर आली. स्विच पुन्हा पाडून तो छपरावर चढला. चौकटीला कुसुमबाईंच्या मालकांची, आश्रुबांची, ओली जाळी वाळत होती. एक जाळं तारेत अडकून जोड ओढत होतं. जोडाचं प्लास्टिक वितळलं होतं.

"मामा, जाळ्याला दुसरी जागा न्हाई का?" त्याने खाली उभ्या आश्रुबांना विचारलं.

"साऱ्या येलदरीत ऊन हितंच पडतंय त्यांचं," कुसुमबाई खालून म्हणाल्या.

आश्रुबा वर चढून एकेक जाळं सोडायला लागले.

नवा जोड बसला. मी सुरू झालो, फ्रीजर घरघरला. कुसुमबाई जरा टेकल्या, तोच पुन्हा तीच खरखर. मी थांबलो.

मित्रांनो, लाल दिव्यावर चिडू नका. आधी तारा बघा, आणि त्यांच्यावर जाळं, दोरी, धुणं काही टांगू नका.

आता दुपारचे दोन वाजलेत. धम्मानंद अजून छपरावर आहे. शेवटच्या जाळ्याखालची तार बघायची राहिली आहे. गारवा टिकावा म्हणून कुसुमबाईंनी फ्रीजरचं झाकण उघडलेलं नाही. तरी फ्रीजरखालून पाण्याचा पहिला ओघळ बाहेर आला आहे.