न्हाणीघराच्या मुठीचं माप

मित्रांनो, दचकून खुर्चीवर चढू नका. मी उंदीर नाही. मी एक जुना माऊस आहे, संगणकाशेजारचा, शेपटीवाला. माझ्या आजकालच्या भावंडांना शेपटी नसते. मला आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. दोन बटणं आणि मधे एक चाक, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी माझं चाक बसवलं, कुणी माझ्या पोटात दिवा लावला. शेवटी एका बाईने माझं बटण दाबलं आणि कान देऊन ऐकलं. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला. तिने मान डोलावली आणि मला अलगद खोक्यात निजवलं.

पुढे मी यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या एका कचेरीत रुजू झालो. तिथे एक मुलगी माझ्या सोबतीने पडद्यावर पंप, झडपा, नळ्या काढायची. "हा माझा उजवा हात आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. मग बिनशेपटीचे नवे माऊस आले आणि मी खणात गेलो, तुटक्या वायरींच्या शेजारी. पण मी खचलो नाही. आपलं चाक फिरतंय तोवर कुणाला तरी आपली गरज पडणार, हे मला ठाऊक होतं.

आणि पडलीच. एके दिवशी त्या मुलीने मला पिशवीत टाकलं आणि भावाच्या घरी नेलं. तिची वहिनी शिवणकाम करायची. शिवणयंत्राशेजारीच एक जुना संगणक मांडलेला होता.

"वहिनी, हा घे. म्हातारा आहे, पण ठणठणीत आहे."

"माझ्यासारखाच म्हण की!" आतून वहिनीच्या सासूबाई म्हणाल्या.

घरातली अडचण मला तिथेच कळली. न्हाणीघराच्या दाराला गोल, गुळगुळीत मूठ होती. सासूबाईंची बोटं सांधेदुखीने आखडलेली. एकदा त्या आत अडकल्या. ओल्या हातांनी मूठ फिरेना, आणि शिवणयंत्राच्या खडखडाटात सुनेला हाका ऐकू जाईनात. तेव्हापासून दार अर्धवट उघडं राहायचं आणि वहिनी बाहेर उभी राहायची. घर भाड्याचं, आणि मालक मूठ बदलू देईना.

पूर्वी सासूबाई आंघोळ करताना गुणगुणायच्या. ते बंद झालं. "बाहेर पहारा बसवल्यावर गाणं कुठलं सुचतंय?" त्या म्हणायच्या. बोलणं हसत असायचं, पण त्या कुणाच्या डोळ्यांत बघायच्या नाहीत.

वहिनीच्या मनाला ते लागलं होतं. मुठीवर घट्ट बसेल असं कडं आणि त्याला एक लांब दांडा, म्हणजे कोपरानेही दार उघडेल, अशी वस्तू तिच्या डोळ्यांपुढे होती. ती वस्तू संगणकावर काढायची आणि छापून घ्यायची, असं ठरलं. हो मित्रांनो, हल्ली वस्तूही छापतात. तापलेल्या प्लॅस्टिकचा धागा यंत्र थरावर थर अंथरतं.

त्या मुलीने, म्हणजे वहिनीच्या नणंदबाईंनी, धडे सुरू केले. "हाताने ओढत बसू नकोस. आकडा लिही, एंटर दाब." जादाची रेघ छाटणं वहिनीला लगेच जमलं, कारण कात्री तिच्या ओळखीची होती. पण तिचा पहिला चौकोन काही केल्या फुगून ठोकळा होईना.

"संगणक म्हणतो, आकृती बंद नाही! बंदच तर आहे की."

"चाक फिरव. कोपऱ्याजवळ जा."

वहिनीने चाक फिरवलं. कोपरा जवळ आला, आणखी जवळ आला. दोन रेघांच्या टोकांमध्ये बारीकशी फट होती.

"अगंबाई, इथे उसवलंय!"

त्या दिवशी मला फार समाधान वाटलं. लांबून जुळल्यासारखं दिसतं त्याच्या जवळ जाऊन बघायला मी मदत करतो, हेच माझं खरं काम.

वहिनी रोज नेमाने बसायची. देवापुढचा दिवा लावून झाला की माझ्यावर हात ठेवायची. कपड्याच्या धाग्यांनी माझं चाक अडकलं, तर रागावली नाही. सुई घेऊन बसली आणि एकेक धागा हळूच ओढून काढला.

शेवटी कडं तयार झालं. "दांडा जरा आखूड वाटतोय," म्हणत तिने तो आणखी लांबवला. नणंदेला चकित करायचं म्हणून न दाखवताच छपाईवाल्याकडे पाठवलं. पडद्यावर, मित्रांनो, हत्ती आणि मुंगी सारखेच मावतात.

वस्तू आली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली. "ही न्हाणीघराची मूठ, का किल्ल्याच्या दरवाज्याची?" मग कड्यातून हात घातला, तो थेट कोपरापर्यंत गेला. "बांगडी म्हणून मात्र झकास आहे हो!"

वहिनीचा चेहरा पडला. संध्याकाळी नणंद आली आणि बघतच राहिली.

"वहिनी, मूठ मोजलीस कशी?"

"कशी म्हणजे? टेप गुंडाळून. छाती, कंबर मोजते तशी."

"अगं, तो घेर झाला! त्याला व्यास हवा असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधून आरपार. आकड्याआधी तिरकी रेघ मारलेलं शून्य दिसत नाही का? ते व्यासाचं चिन्ह."

"मला वाटलं, शून्य खोडलंय!"

तिघी इतक्या हसल्या की माझी शेपटीसुद्धा हलली. वहिनीने मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या टेकवल्या, मधलं अंतर मोजलं आणि जुना आकडा खोडून नवा लिहिला. कडं झर्रकन आक्रसलं, मग वाढवलेला दांडाही तिने पुन्हा आखूड केला.

"आता मुठीएवढंच ठेव."

"छे! अंगाएवढंच कुणी शिवतं का? श्वास घ्यायला जागा नको?" वहिनीने माप केसभर सैल केलं, कड्याला एक चीर ठेवली आणि आवळायला स्क्रूची जागा केली.

"हे मी सांगणारच होते," नणंद म्हणाली.

"हो, हो!" सासूबाई म्हणाल्या.

दुसरं कडं मुठीवर बसलं. स्क्रू आवळला. सासूबाई टॉवेल घेऊन आत गेल्या आणि दार लागलं. वहिनी टेबलाशी बसून राहिली. हात माझ्यावर, पण बटण दाबत नव्हती. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग ‘टक्’ झालं आणि दार किलकिलं झालं.

"बाहेर कुणी उभं नाही ना गं?"

"नाही आई. मी इथे टेबलाशी आहे."

"मग ठीक."

दार पुन्हा लागलं. थोड्या वेळाने गुणगुणणं ऐकू आलं. सूर जरा घसरलेला होता, पण ते थांबलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. चाक अडकलं म्हणून कुणाला खणात ढकलू नका. आधी सुई घेऊन बसा, जवळून बघा, कदाचित एक धागाच असेल. आणि आकडा लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी नक्की काय मोजलं?

आता मला निघू द्या. सासूबाईंना स्वयंपाकघरातल्या नळालाही तसाच दांडा हवाय. वहिनीने माझ्यावर हात ठेवलाय, आणि आज मापाला दोन पट्ट्या घेतल्यात; तिची टेप शिवणयंत्राच्या खणातच आहे.