होय, मी कुजते!

मी एक जुनी सुती नऊवारी आहे. आहे म्हणजे, आता हातभरच उरले आहे आणि छबूबाईंच्या चुलीपाशी पोतेरं होऊन पडले आहे. पण मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मला रडगाणं गायचं नाही.

काळ्या रानातल्या कापसापासून मी झाले. जामखेडच्या बाजारात छबूबाईंनी मला पसंत केलं, तेव्हा मी खळीने कडक होते. लग्नकार्यात बायका माझा काठ हातात धरून बघायच्या. पुढे मी रोजच्या नेसणीत आले. बहात्तरच्या दुष्काळात छबूबाई खडी फोडायला जाऊ लागल्या आणि माझ्या पदराची चुंबळ झाली. दगडांच्या पाटीखाली मी विरले, फाटले, पण त्यांचं डोकं सांभाळलं.

त्याच सुमारास त्यांच्या सुनेने, विजयमालाने, नायलॉनचं पातळ घेतलं. झटकलं की वाळणारं, कधी न चुरगळणारं. सगळी वाडी ते बघायला आली. मला बघून मात्र ती म्हणाली, "आत्याबाई, हे कुजकं लुगडं टाका की उकिरड्यावर!" कुजकं! मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

विजयमालाने माहेरून लिंबोणीची रोपं आणली होती. तिच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या दादांनी, ती स्वतःच्या हाताने काढून दिली होती आणि त्यानंतर ते वारले. दुष्काळात एकेक रोप जळत गेलं आणि शेवटी एकच राहिलं. तेही गेलं तर वडिलांच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. ती रोज त्याच्यापाशी जाऊन बसायची.

महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात, तिच्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. छबूबाईंनी तेच मनात धरलं. मडक्याच्या बुडाला भोक पाडायचं, त्यात कापडाची वात घालायची आणि मडकं रोपाशेजारी पुरायचं. मग भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतायचं, म्हणजे वात ते हळूहळू मुळांना देते.

"माजं लुगडं घे वातीला," छबूबाई म्हणाल्या.

"न्हाई, ते लगीच कुजंल. माज्या पातळाचा तुकडा घालते. त्यो जल्मात कुजत न्हाई."

तिने नव्याकोऱ्या पातळाला कात्री लावली! एवढा जीव होता त्या रोपावर. पण नायलॉन पाणी पितंय कुठे? घट्ट कोंबलेला तो तुकडा भोकात बुचासारखा बसला. मडकं भरलेलं आणि रोप तहानलेलं.

"आत्याबाई, पानं वळली वो! माज्या दादांचं झाड चाललं!" विजयमाला रडू लागली.

छबूबाईंनी तो तुकडा उपसून उकिरड्यावर फेकला आणि वातीसाठी मला दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. दुखलं? छे! लग्नातही मी एवढी खूश नव्हते. मी पाणी प्यायले आणि मातीला दिलं. थोड्याच दिवसांत शेंड्याला कोवळी पानं आली.

आणि मग मी कुजले. होय, कुजले! मला बुरशी आली, वाळवीने कुरतडलं. एक वात विरली की छबूबाई दुसरी फाडायच्या आणि जुनी तिथेच मातीत सोडायच्या. नायलॉनचा तो तुकडा मात्र उकिरड्यातून खताबरोबर रानात गेला आणि नांगराच्या फाळाला गुंडाळून तसाच चकचकीत वर आला. किड्यामुंगीच्याही उपयोगी पडला नाही. मित्रांनो, तो टिकतो म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि मी विरते म्हणून नाक मुरडायचं, हा कुठला न्याय? जुनं सुती कापड पेटीत घालून जपू नका. नेसा, फाडा, चिंध्या होईस्तोवर वापरा आणि मग मातीला द्या. आम्ही तिथूनच आलो.

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी आलं. मडकं काढायला विजयमालाने रोपाशेजारची माती उकरली. वातींच्या जागी पांढऱ्या मुळांचं जाळं होतं. माझं एक सूतही तिला सापडेना.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तुमचं लुगडं पार कुजलं की वो."

छबूबाईंनी वाकून मुळांवर माती लोटली.

"कुजलं न्हाई गं. तुज्या बापाच्या झाडानं नेसलं."