बाया पोहायला लागल्या

टेंभुर्णीच्या झुंबरबाईला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका शब्दाचा वीट आला होता. तो शब्द म्हणजे 'बसा'. नवरा गेला, सुनेनं घर हातात घेतलं, आणि झुंबरबाई भाकरी थापायला गेली तरी सून शीतल म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही बसा." शेतात निघाली तरी "बसा." सगळे मायेनंच म्हणत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी शेजारच्या अण्णासाहेबांच्या विहिरीत शीतलची शेळी पडली. विहीर मोठी, आत उतरायला दगडी पायऱ्या, पण पाणी उन्हाळ्यातही दोन पुरुष खोल. काठावर पंधरा माणसं गोळा झाली. कुणी दोर आणायला पळालं, कुणी मोबाईल काढला. झुंबरबाईनं पदर खोचला, कासोटा आवळला आणि धाडदिशी उडी मारली.

वर एकच बोंब उठली, "म्हातारी गेली!"

खाली म्हातारी खदाखदा हसत होती. लहानपणी भावांच्या मागं लागून ती पोहायला शिकली होती. लग्नानंतर चाळीस वर्षांत पाण्याला अंग लागलं नव्हतं, पण हातपाय काही विसरले नव्हते. शेळीला कानाला धरून तिनं पायरीवर लोटलं आणि उगाच विहिरीला दोन चकरा मारल्या.

"आत्याबाई, या की वर!" शीतल रडकुंडीला आली.

"थांब गं, आत्ता तर कुठं मजा येऊन राह्यली!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातली एक तरणी सून, बेबीनंदा, दारात उभी. बेबीनंदाला रस्ता ओलांडायचं भेव, पालीचं भेव, सासऱ्याच्या खोकल्याचंसुद्धा भेव. ती खाली मान घालून म्हणाली, "मावशी, मलाबी शिकवा."

"अगं, मी काय मास्तरीण हाये का?"

"न्हाई. पण काल तुम्ही हसत व्हता ना, तसं मला हसायचंय."

झुंबरबाईनं तेलाचा रिकामा कॅन शोधला, दोरीनं बेबीनंदाच्या पाठीला बांधला आणि तिला विहिरीवर नेलं. बेबीनंदा पहिल्या दिवशी एवढी किंचाळली की पारवे उडाले. आठव्या दिवशी तिनं कॅन सोडला. तोवर पाठीला कॅन बांधून अकरा बाया पायऱ्यांवर रांगेत बसल्या होत्या. कुणी गाऊनवर, कुणी नवऱ्याच्या पँटीवर, आणि हसू तर असं की समोरच्या रस्त्यानं जाणारे मोटरसायकली थांबवायचे.

अण्णासाहेब तणतणत आले. "झुंबरबाई, हा काय तमाशा? बायामाणसानं विहिरीत उड्या मारायच्या? बंद करा, बिलकुल बंद!"

"बरं, करते बंद," झुंबरबाई म्हणाली. "पण आधी गिरिजाबाईला तर वर येऊ द्या."

अण्णासाहेबांनी वाकून पाहिलं. त्यांची स्वतःची बायको, सांधेदुखीनं घरातला जिना न चढणारी गिरिजाबाई, मधोमध उताणी तरंगत होती. "अहो," ती खालून म्हणाली, "गुडघा दुखतच न्हाई हो पाण्यात! तुम्ही बाजूला सरका बरं, ऊन अडवून राह्यलात." अण्णासाहेब खरंच बाजूला सरकले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपलीच आयडिया."

पाण्यातला धीर मग पाण्यात थांबेना. त्या अकराजणींतल्या नंदाबाईनं नवऱ्याची स्कूटी काढली ती सरळ जाफराबादच्या बाजारात नेली. बेबीनंदानं कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. सासरा खोकला, तर म्हणाली, "मामंजी, अद्रक घालून चहा देऊ का?" आणि पुस्तक उघडून बसली. झुंबरबाईनं तिला रस्त्यात गाठून विचारलं, "इंग्रजीचं भेव न्हाई वाटत का गं?"

"मावशी, खाली दोन पुरुष पाणी असताना म्या कॅन सोडला. मंग त्या पेपरची काय बिशाद?"

झुंबरबाईला एवढा आनंद झाला की तिनं भर रस्त्यात बेबीनंदाचे गाल ओढले.

वैशाखात हसनाबादहून दोन ऑटो भरून बाया आल्या. झुंबरबाई पुढं सरसावली, पण बेबीनंदा आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एका थरथरणाऱ्या पोरीला सांगत होती, "घाबरायचं तेवढं घाबर, पण हात मारत राह्य." हे शब्द झुंबरबाईचेच. ती पायरीवर टेकली आणि ऐकत राहिली. आपण उद्या नसलो तरी हे शब्द या विहिरीत असणार, मग दुसऱ्या विहिरीत, मग तिसऱ्या! तिला हसू आलं, डोळे भरले, पुन्हा हसू आलं.

"मावशी, आमच्या गावालाबी दोन विहिरी हायेत," हसनाबादची एक बाई म्हणाली. "चलता का?"

"कधी?"

"आत्ताच, ऑटो उभाच हाये."

शीतल टॉवेल घेऊन धावत आली. "आत्याबाई, जेवून तरी घ्या!"

"तिकडं जेवते! तूबी चल, शेळ्या बांध आणि ये जल्दी!" ओल्या लुगड्यानिशी झुंबरबाई ड्रायव्हरशेजारी चढली, आणि शीतल खरोखरच धावत येऊन मागं कोंबून बसली तेव्हा ऑटोत एवढा गलका झाला की ड्रायव्हरला आपला हॉर्नही ऐकू येईना.